तंजावरचे माधवराव : एका दिवाणाचे अर्थशिक्षण

तिरुविसनल्लूर हे कुंभकोणमजवळचे कावेरीकाठचे गाव. तंजावरच्या शहाजी राजांनी १६९३ मध्ये ते चाळीसाहून अधिक पंडितांना अग्रहार म्हणून दिले आणि त्यास शहाजीराजपुरम हे नाव पडले. व्याकरण, न्याय, वेदान्त, काव्य यांचे अध्ययन तेथे निष्ठेने चाले. ज्या राज्याने हा आश्रय दिला त्या राज्याचा जमाखर्च मात्र निराळ्याच मंडळींच्या हाती होता. दफ्तरात बसून वडिलांकडून मुलाने उचलावी अशी ती विद्या. तिला शास्त्र म्हणण्याची कोणास गरज वाटली नाही. कावेरीच्या परिसरात स्थिरावलेल्या देशस्थ कारभारी घराण्यांपैकीच एकात २० नोव्हेंबर १८२८ रोजी कुंभकोणम येथे माधवरावांचा जन्म झाला. राजा सर टी. माधवराव या त्यांच्या प्रसिद्ध नावातील आद्याक्षर तंजावरचे आहे. वडील रंगराव आणि चुलते वेंकटराव या दोघांनीही त्रावणकोरची दिवाणगिरी केली होती.

तथापि माधवरावांचे शिक्षण दफ्तरात सुरू झाले नाही. १८४१ मध्ये मद्रासच्या नव्या हायस्कुलात ते दाखल झाले. तेथील प्रमुख पॉवेल हे केंब्रिजचे गणिती. त्यांच्या हाताखाली गणित आणि पदार्थविज्ञान यांत माधवरावांनी प्रावीण्य मिळविले. बाजारातून भिंगे आणून बांबूच्या नळीत बसवून त्यांनी दुर्बिणी केल्याचे सांगतात. १८४६ मध्ये ते पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. त्यावेळी मद्रासला विद्यापीठ नव्हते. ते १८५७ मध्ये निघाले. अर्थशास्त्राचा स्वतंत्र अभ्यासक्रम ही तर फारच पुढची गोष्ट. केंब्रिजमध्येसुद्धा त्या विषयाची निराळी ट्रायपॉस परीक्षा १९०३ मध्ये सुरू झाली. म्हणून माधवरावांचे अर्थशास्त्र वर्गाबाहेरच घडले. काही काळ अध्यापन केल्यावर मद्रासच्या अकौंटंट जनरलच्या कचेरीत त्यांनी नोकरी धरली. सरकारी पैसा कोठून येतो, कोठे मुरतो, आणि कागदावरची शिल्लक तिजोरीत का आढळत नाही, याचा प्राथमिक पाठ त्यांना तेथे मिळाला. १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून त्यांना पाचारण झाले. पुढे महसुली कारभारात शिरून ते दिवाण पेशकार झाले, आणि दिवाण कृष्णराव वारल्यावर १८५७ च्या अखेरीस, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, दिवाणगिरी त्यांच्याकडे आली.

ती वेळ बिकट होती. नोकरांचे पगार थकलेले, तिजोरी रिकामी आणि डोक्यावर कर्ज. कारभार न सुधारल्यास संस्थान खालसा होईल अशी तंबी डलहौसीच्या कारकीर्दीत मिळाली होती, आणि तंजावरचे राज्य १८५५ मध्ये वारसाअभावी संपलेले माधवरावांनी पाहिले होते. अशा स्थितीत कोणताही सावध कारभारी नवे कर बसविता. माधवरावांनी नेमके उलट केले. मिऱ्यांच्या व्यापाराचा मक्ता सरकारकडे होता. शेतकऱ्याने आपले पीक सरकारने ठरविलेल्या भावाने सरकारलाच घालावे असा नियम. १८६० मध्ये हा मक्ता उठला व त्याच्या जागी निर्यातकर आला. तोही पुढे टप्प्याटप्प्याने उतरविण्यात आला. तंबाखूचा मक्ता हे तर उत्पन्नाचे मोठे साधन. परंतु चढ्या दरामुळे चोरटी आयात फोफावली होती आणि ती रोखण्याचा खर्च व जाच दोन्ही वाढत होते. १८६३ मध्ये तोही गेला. कर हलका झाला की चोरीतला नफा आटतो, उघड व्यापार वाढतो आणि तूट भरून निघते, असा हा हिशेब होता. तो चुकला असता तर दिवाणच नव्हे, संस्थानही बुडाले असते. तो चुकला नाही. १८६३ पर्यंत सार्वजनिक कर्ज फिटले.

१८६५ च्या जूनमध्ये सरकारी जमिनीच्या कुळांना त्या जमिनीवर विक्री व वारसा यांसह मालकी हक्क मिळाला. माधवरावांच्या सुधारणांत हीच सर्वांत दूरगामी म्हणावी लागेल. त्याच वर्षी ब्रिटिश हिंदुस्थान व कोचीन यांच्याशी जकातींविषयी करार होऊन व्यापाराची वाट बरीच मोकळी झाली. मात्र या मोकळ्या व्यापारात समोरचा पक्ष कितीतरी बलाढ्य होता, हे माधवरावांच्या स्तुतिपाठकांनी फारसे ध्यानात घेतलेले दिसत नाही. केंब्रिजचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक हेन्री फॉसेट यांनी माधवरावांची तुलना फ्रान्सच्या तुर्गोशी केली. धान्यव्यापारावरील बंधने उठविणारा तुर्गो दोन वर्षांत पदच्युत झाला. माधवराव १८७२ पर्यंत टिकले.

इंदूरच्या अल्प दिवाणगिरीनंतर १८७५ मध्ये ते बडोद्यास गेले. मल्हारराव गायकवाडांच्या पदच्युतीनंतरचा विस्कटलेला हिशेब त्यांनी सावरला. सावकार, सरदार, इजारदार यांचे दावे मिटविले. अल्पवयीन सयाजीरावांना राज्यकारभाराची तत्त्वे समजावून देण्यासाठी १८८१ मध्ये त्यांनी व्याख्याने दिली. तिजोरी ही राजाची खासगी मिळकत नव्हे, हे त्यांतील एक मुख्य सूत्र. याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकण्यास गेले.

१८८२ मध्ये बडोदे सोडून माधवराव मद्रासला परतले. स्पेन्सरचे ग्रंथ वाचणे आणि वृत्तपत्रांतून टोपणनावाने लिहिणे हा त्यांचा उत्तरवयातील क्रम होता. १८८७ च्या मद्रास काँग्रेसच्या स्वागत समितीचे ते अध्यक्ष होते. ४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे निधन झाले.