जॉश गिब्सन : उशिरा मिळालेला मान

आपण क्रिकेटची माणसे. बेसबॉल आपल्याला फारसा ठाऊक नाही. आपल्याकडे यष्टीमागे यष्टिरक्षक असतो, तसा बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या मागे कॅचर असतो. तोंडावर जाळीचा मुखवटा घालून, उकिडवे बसून तो सामनाभर चेंडू झेलत असतो. अमेरिकेतील जॉश गिब्सन हे असेच एक थोर कॅचर. त्यांची आज ओळख करून घेऊ या.

२१ डिसेंबर १९११ रोजी जॉर्जिया राज्यात एका कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडिलांना पिट्सबर्ग शहरात पोलादाच्या कारखान्यात काम मिळाले आणि कुटुंब तिकडे गेले. १९३० साली जॉश होमस्टेड ग्रेज या व्यावसायिक संघात आले. त्याच वर्षी त्यांची पत्नी हेलन जुळ्यांना जन्म देताना वारली. अठराव्या वर्षी ते विधुर झाले. मुले आजोळी वाढली.

त्या काळी अमेरिकेच्या मोठ्या साखळी स्पर्धांत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. तसा लेखी नियम नव्हता, पण सगळे संघ तो पाळत. म्हणून कृष्णवर्णीयांनी आपल्या वेगळ्या साखळी स्पर्धा उभ्या केल्या. होमस्टेड ग्रेज संघ वॉशिंग्टनमध्ये गोऱ्या संघाच्या मैदानावर, तो संघ बाहेरगावी असताना, भाडे देऊन खेळे. मैदान चाले, माणसे चालत नसत!

१९४३ च्या सुरुवातीस जॉश अचानक कोसळले. मेंदूत गाठ असल्याचे निदान झाले. त्यांनी शस्त्रक्रिया नाकारली आणि त्याच वर्षी .४६६ ची सरासरी राखली. म्हणजे हजार संधींमागे ४६६ यशस्वी फटके. ग्रेज संघाने १९४३ व १९४४ अशी लागोपाठ दोन वर्षे कृष्णवर्णीयांची जागतिक मालिका जिंकली. मात्र पुढे आजार आणि दारू यांनी शरीर पोखरले. २० जानेवारी १९४७ रोजी, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. तीन महिन्यांच्या आतच, १५ एप्रिल रोजी, जॅकी रॉबिन्सन यांच्या रूपाने मोठ्या स्पर्धेचे दार कृष्णवर्णीयांना उघडले.

१९७२ साली जॉश यांना बेसबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये स्थान मिळाले. तेव्हा त्यांच्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता. तो १९७५ साली बसला. मे २०२४ मध्ये कृष्णवर्णीयांच्या स्पर्धांची आकडेवारी अधिकृत नोंदींत धरली गेली. जॉश यांची कारकिर्दीची सरासरी .३७२ भरली आणि टाय कॉब यांचा .३६७ चा जुना उच्चांक मागे पडला. गावोगावच्या किरकोळ सामन्यांतले त्यांचे असंख्य फटके मात्र या हिशेबात नाहीत.

मृत्यूनंतर ७७ वर्षांनी हिशेब दुरुस्त झाला, पण तो पाहायला जॉश नव्हते. आपल्या घरात, आपल्या गावात कोणाच्या कष्टाची नोंद राहून गेली असेल, तर ते माणूस आपल्यात आहे तोवरच आपण ती करू या.