गडकऱ्यांचा सुधाकर आणि पहिला प्याला

राम गणेश गडकरी हे नाव आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. पण त्यांचा जन्म आपल्या गुजरातेतला, २६ मे १८८५ रोजी नवसारीचा, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? लहानपणीच वडील गेले. पुण्यात ओढगस्तीत शिक्षण झाले. फर्ग्युसन कॉलेजात नाव घातले, पण पदवी काही मिळाली नाही. मग किर्लोस्कर नाटक मंडळीत मुलांना शिकवण्याची नोकरी धरली आणि नाटकाशी जन्माची गाठ पडली. कविता 'गोविंदाग्रज' या नावाने, विनोदी लेख 'बाळकराम' या नावाने लिहिले.

आम्ही त्यांची आठवण काढतो आहोत ती 'एकच प्याला' या नाटकासाठी. त्यातला सुधाकर अडाणी नाही की दुष्ट नाही. तो नावाजलेला वकील आहे, घरी सिंधूसारखी पत्नी आहे. न्यायालयात खटका उडतो, काही काळासाठी सनद जाते, आणि त्या अपमानाच्या आगीत तळीराम दुःख विसरायला प्याला पुढे करतो. तळीराम काही वैरी नव्हे. तो रोजच्या बैठकीतला, प्रेक्षकांना पोट धरून हसवणारा माणूस! गडकऱ्यांची नजर इथे आम्हाला फार खोल वाटते. पुढे सुधाकर दारू सोडण्याची शपथही घेतो, पण तोवर लोकांचा विश्वास उडालेला असतो. काम कोणी देत नाही, आणि हात पुन्हा प्याल्याकडे जातो. सिंधू दळणे दळून संसार ओढते. शेवटी बाळ, सिंधू आणि सुधाकर, तिघेही जातात.

आज प्याल्याच्या जागी गुटख्याची पुडी असेल, ई-सिगारेट असेल, गोळी असेल. पुढे करणारा मात्र बहुधा ओळखीचाच असतो, आणि वेळही तीच असते: नापास झाल्याची, घरी बोलणी खाल्ल्याची. सुधाकर निदान मोठा माणूस होता. मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते, म्हणून कोवळ्या वयात व्यसन लवकर जडते. पालकांनीही हे ध्यानात घ्यावे. त्या दिवशी मुलाला बोलायला घरात कोणी आहे ना, एवढे पाहावे.

गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे वारले. वय अवघे तेहेतीस. नाटकातली पदे मग वि. सी. गुर्जरांनी लिहिली. महिनाही लोटला नव्हता, तोच २० फेब्रुवारीला गंधर्व नाटक मंडळीने पहिला प्रयोग केला. सुधाकर गणपतराव बोडस, सिंधू बालगंधर्व, आणि गाव आपले बडोदे.