सुभेदाराचा मुलगा आणि खुर्चीचा माज

परवा कोर्टाच्या आवारात एक हवालदार भेटला. आपल्याच वस्तीतला. बंदोबस्तावर असताना त्याने एका लोकप्रतिनिधीची गाडी अडवली, म्हणून चारचौघांत त्याची आईबहीण काढली गेली. फिर्याद द्यायला मात्र तो तयार नव्हता. बदलीची भीती! खुर्चीचा असा माज असलेल्यांनी एकदा तरी बाबासाहेबांचे चरित्र या अंगाने वाचावे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत बाबासाहेब जन्मले. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले त्यांना गणवेशाने अक्षर दिले, शिस्त दिली. पुढे इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली आणि एका अख्ख्या समाजाची भाकरी व प्रतिष्ठा एका फटक्यात गेली.

१९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानात महाराजांचे लष्करी सचिव झाले. हुद्दा मोठा, पण शिपाई त्यांच्या टेबलावर लांबूनच फायली फेकत. राहायला जागा मिळेना, पारशी वसतिगृहातूनही त्यांना बाहेर काढले. कर्तव्यावरच्या अधिकाऱ्याचा अपमान काय असतो, हे घटनेच्या शिल्पकाराने पुस्तकात वाचले नव्हते, अंगावर झेलले होते.

१ जानेवारी १९२७ रोजी ते भीमा कोरेगावच्या स्तंभापुढे सैनिकांना मानवंदना द्यायला गेले. त्याच वर्षी ते मुंबई कायदे कौन्सिलात गेले. १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आले. ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कामगारांचा संप झाला, त्या दिवशी गोळीबार झाला. चौकशी समितीचा अहवाल आला तेव्हा बाबासाहेबांनी सभागृहात उभे राहून सरकारला जाब विचारला. रस्त्यावरच्या शिपायाला शिव्या देणे सोपे असते. मंत्र्याला सभागृहात धारेवर धरायला अभ्यास लागतो.

१९४१ मध्ये संरक्षण सल्लागार मंडळावर असताना महारांच्या लष्करभरतीचा प्रश्न त्यांनी लावून धरला. त्याच वर्षी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. सुभेदाराच्या मुलाने बापाच्या पिढीचा अपमान असा धुऊन काढला.

घटना लिहितानाही हाच विचार दिसतो. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना त्यांनी स्थैर्यापेक्षा जबाबदारीला जास्त महत्त्व देणारी संसदीय पद्धत का निवडली, हे सांगितले. मंत्र्यांनी पाच वर्षांतून एकदा नव्हे, रोज उत्तर द्यायचे. दुसरीकडे कलम ३११ आहे. काही अपवाद सोडले तर चौकशी केल्याशिवाय आणि नेमणूक करणाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याकडून साध्या पोलीस शिपायालाही बडतर्फ करता येत नाही. शिपाई राज्याचा नोकर आहे, आमदाराच्या घरचा गडी नाही!

आणि जबाबदारी त्यांनी स्वतः पाळली. हिंदू कोड बिल रखडवले गेले तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. सभागृहात निवेदन करू दिले नाही, तर ते वृत्तपत्रांना दिले. कारणे जनतेपुढे ठेवली. १९५२ ला मुंबईत, १९५४ ला भंडाऱ्यात पराभव झाला, तोही पत्करला. ६ डिसेंबर १९५६ पर्यंत खुर्चीसाठी ते कुणापुढे वाकले नाहीत.

काही समाजबांधव विचारतील, पोलिसांचा कसला आदर? ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात १० जणांचे बळी घेणारा गोळीबार विसरायचा काय? मुळीच नाही. आदर म्हणजे अभय नव्हे. ज्याने गोळीबार करवला त्याला कोर्टात उभे करायचे आणि ज्यांच्या राज्यात तो झाला त्यांना सभागृहात उभे करायचे. पण बारा-बारा तास उन्हात उभ्या असलेल्या शिपायाच्या कानाखाली वाजवणे हा जाब नव्हे, ती सरंजामशाही आहे.

२००६ साली प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंची व्यवस्था सांगितली: महत्त्वाच्या पदांवर किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, म्हणजे मर्जीने बदली नाही, आणि पोलिसांविरुद्ध तक्रार प्राधिकरण, म्हणजे मनमानी नाही. मते मागायला वस्तीत येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, यासाठी सभागृहात तू काय केलेस? आणि त्या हवालदाराला सांगा, फिर्याद दे. आम्ही तुझ्या पाठीशी आहोत.

जयभीम!