रंगांचा शेजार

माणसाची पारख संगतीवरून करावी, असे आपण म्हणतो. रंगाचेही तसेच आहे. ही गोष्ट शास्त्राच्या कसोटीवर ज्याने सिद्ध केली तो चित्रकार नव्हता, विणकर नव्हता की सोनारही नव्हता. तो होता एक फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ. त्याचे नाव मिशेल यूजेन शेव्हरल.

शेव्हरल यांचा जन्म 31 ऑगस्ट 1786 रोजी आँजे या गावी एका वैद्यकुटुंबात झाला. तरुणपणीच ते पॅरिसला आले आणि वोकलँ या रसायनज्ञाच्या प्रयोगशाळेत रमले. चरबी आणि साबण यांसारख्या सामान्य पदार्थांवर त्यांनी अनेक वर्षे प्रयोग केले. त्यांच्या या संशोधनातूनच धुरकट, दुर्गंधी चरबीच्या मेणबत्तीऐवजी स्वच्छ जळणारी मेणबत्ती निघाली.

1824 साली पॅरिसच्या गोब्लँ या राजाश्रयाखालील कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. भिंतीवर टांगायच्या चित्रविणीच्या पडद्यांसाठी हा कारखाना प्रसिद्ध होता. तेथे रंगांविषयी तक्रारी येत. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या छटांत वापरलेला काळा फिका दिसतो, ही त्यांतलीच एक. दोषाचे खापर अर्थातच रंगाऱ्यांच्या माथी!

शेव्हरल यांनी इतर ठिकाणची काळी लोकर आणून आपल्या लोकरीशी ताडून पाहिली. रंगात काहीच खोट निघाली नाही. मग दोष कोणाचा? शेजाऱ्याचा! प्रत्येक रंग आपल्या पूरक रंगाची झाक शेजारच्या रंगावर टाकतो. निळ्याला लागून असलेल्या काळ्यावर नारिंगी झाक चढते आणि तो विटल्यासारखा भासतो. हा खेळ भांड्यातला नसून डोळ्यातला होता. रंगारी निर्दोष ठरले.

पुढे कित्येक वर्षांच्या अभ्यासानंतर 1839 साली त्यांचा रंगविरोधाच्या नियमावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात गालिचे, पोशाख, रंगीत काचा, इतकेच काय, फुलांच्या बागांचाही विचार आहे. त्यांनी 72 विभागांचे रंगचक्रही सिद्ध केले. हाच नियम दागिन्यालाही लागू पडतो. माणकाशेजारी पाचू बसवला की तांबडा अधिक तांबडा, हिरवा अधिक हिरवा दिसतो. आपल्या पैठणीच्या हिरव्या अंगाला तांबडा काठ का खुलतो, याचे उत्तरही येथेच आहे. सोनाराच्या आणि विणकराच्या हाताला जे ठाऊक होते, त्याची कारणमीमांसा या ग्रंथाने दिली. सरासारखे चित्रकार यातून शिकले. सोनिया द लोने हिने तर 1925 च्या पॅरिस प्रदर्शनातील आपल्या कापडांच्या दुकानाच्या नावातही या नियमातला 'एकसमयी' हा शब्द घेतला.

शेव्हरल यांची चिकित्सक वृत्ती अखेरपर्यंत टिकली. हातातला लंबक आपोआप हलतो, या समजुतीची त्यांनी स्वतःवर परीक्षा घेतली. डोळे बांधताच लंबक थांबला! हलवणारा हात आपलाच असतो, हे त्यांनी दाखवून दिले.

9 एप्रिल 1889 रोजी, वयाच्या 102 व्या वर्षी, ते निवर्तले. नुकत्याच उभ्या राहिलेल्या आयफेल मनोऱ्यावर कोरलेल्या 72 नावांत त्यांचेही नाव आहे. पण त्यांचे खरे स्मारक वेगळेच म्हणावे लागेल. तक्रार आली तेव्हा कामगाराला दटावण्याऐवजी त्यांनी लोकरीचा धागा उजेडात धरून पाहिला. कलेच्या विद्यार्थ्याने एवढे एक जरी त्यांच्यापासून घेतले, तरी पुष्कळ झाले.