नृत्यांगना इझाडोरा डंकन

विद्या आवडते, पण ती शिकविण्याची रीत आवडत नाहीं, असा प्रसंग पुष्कळ विद्यार्थ्यांवर येतो. अशा वेळीं कोणी रडतरखडत तीच वाट चालतो, तर कोणी विद्येलाच रामराम ठोकतो. विद्या न सोडतां तिची नवी वाट शोधून काढणारा एखादाच. अशा एका अमेरिकन मुलीचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

इझाडोरा डंकन हिचा जन्म १८७७ सालीं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सान फ्रान्सिस्को शहरीं झाला. चार भावंडांत ती सर्वांत धाकटी. वडिलांची पेढी त्याच वर्षीं बुडाली व पुढें आईबाप विभक्त झाले. आई पियानोच्या शिकवण्या करून कसाबसा संसार चालवी. इझाडोराची शाळा लहानपणींच सुटली. पण वाचन सुटलें नाहीं. ओकलंड येथील सार्वजनिक ग्रंथालयांत इना कूलब्रिथ या कवयित्री ग्रंथपाल होत्या. त्यांच्या उत्तेजनानें ती पुस्तकांत रमूं लागली. संध्याकाळीं आई पियानो वाजवी आणि त्या सुरांवर मुलगी नाचे. शेजारच्या मुलांना नाच शिकवून ती चार पैसेही मिळवूं लागली.

मुलीचा ओढा पाहून तिला एका बॅले-शिक्षकाकडे पाठविण्यांत आलें. बॅले म्हणजे युरोपांतील राजदरबारांत वाढलेलें शास्त्रोक्त नृत्य. त्यांत पायांच्या पांच ठराविक स्थिति असतात. पाय कमरेपासून बाहेर वळवावे लागतात, पाठ ताठ ठेवावी लागते, आणि नर्तिकेला कठीण बुटांच्या आधारानें बोटांच्या टोंकांवर उभें राहावें लागतें. शिक्षकानें तसें उभें राहण्यास सांगतांच इझाडोरानें कारण विचारलें. तें सुंदर दिसतें, एवढेंच उत्तर मिळालें. तिला मात्र तें कुरूप व निसर्गाविरुद्ध वाटलें. तिसऱ्या धड्यानंतर ती त्या वर्गास गेली नाहीं, असें तिनें आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे.

गोष्ट एवढ्यावरच संपली असती, तर आम्ही ती येथें सांगितली नसती. वर्ग सोडणें सोपें. सोडल्यावर काय करावयाचें हा प्रश्न अवघड. पुढें ती आईसह शिकागोस व तेथून न्यूयॉर्कला गेली. पोटासाठीं ऑगस्टिन डेली यांच्या नाटकमंडळींत तिनें बारीकसारीक कामें केलीं. पण तेथें तिचें मन रमेना. इतकेंच नव्हे, तर ज्या बॅलेवर ती रुसली होती, त्याचेच धडे तिनें न्यूयॉर्कला मारी बोनफांती यांच्याजवळ आणि नंतर लंडनला केटी लॅनर यांच्याजवळ कांहीं काळ घेतले. म्हणजे बालपणींच्या रागावर तिनें सर्व भार ठेविला नाहीं. पुन्हा अनुभव घेतला, आणि मगच ती वाट कायमची सोडली.

१८९९ च्या मार्च महिन्यांत न्यूयॉर्कचें विंडसर हॉटेल जळालें. तेथें इझाडोरा मुलींना नाच शिकवीत असे. आगींत डंकन कुटुंबाची चीजवस्तू गेली. त्याच वर्षीं गुरें वाहून नेणाऱ्या एका बोटीनें हीं मंडळी इंग्लंडला पोंचलीं. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आणि पुढें पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत ती प्राचीन ग्रीक कलशांवरील आकृति न्याहाळीत बसे. माणसाचें चालणें, धांवणें, मान मागें टाकणें यांतच नृत्याचीं मूळाक्षरें आहेत, अशी तिची खात्री पटली. पॅरिसला ती तासन्‌तास निश्चल उभी राहून हालचालीचा उगम शरीरांत कोठें होतो याचा शोध घेई. बॅलेचे शिक्षक तो पाठीच्या कण्याच्या तळाशीं मानतात, असें तिचें म्हणणें होतें. तिला तो छातीच्या मध्यभागीं आढळला. शिक्षक नसतांना स्वतःला लावून घेतलेली ही शिस्त वर्गांतील शिस्तीपेक्षां सौम्य होती, असें आम्हांस वाटत नाहीं.

१९०२ सालीं बुडापेस्ट येथें तिला मोठें यश मिळालें. अनवाणी पायांनीं, सैल ग्रीक पोशाखांत, शोपँ व ग्लुक यांच्या संगीतावर ती एकटी नाचे. कोणी स्तुति केली, कोणी नाकें मुरडलीं. १९०४ सालीं बर्लिनजवळ ग्रुनेवाल्ड येथें तिनें मुलींसाठीं निवासी शाळा काढली. तेथें फी नव्हती. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ती बॅलेच्या माहेरघरीं, रशियांतील सेंट पीटर्सबर्गला गेली. तेथें प्रसिद्ध नर्तिका आना पावलोवा हिची कित्येक तासांची मेहनत पाहून ती थक्क झाली. तरी तिचें मत पालटलें नाहीं. उलट बाजूनें बॅलेंतील तरुण शिक्षक मिखाईल फोकीन यांनीं तिचें नृत्य पाहिलें. सुधारणेचे विचार त्यांच्याही मनांत होतेच. १९०७ च्या त्यांच्या एका बॅलेंत अनवाण्या पायांस परवानगी नसल्यामुळें नर्तिकांच्या मोज्यांवर बोटें रंगविण्यांत आलीं! अशा रीतीनें दोन्ही विद्या एकमेकींपासून शिकल्या.

तिच्या आयुष्याचा उत्तरार्ध दुःखाचा झाला. १९१३ सालीं तिचीं दोन लहान मुलें मोटार सीन नदींत पडून बुडालीं. तरीही १९२१ सालीं तिनें मॉस्को येथें शाळा काढली. १९२७ च्या सप्टेंबरांत नीस शहरीं गळ्यांतील लांब रुमाल मोटारीच्या चाकांत अडकून तिचा अंत झाला. तिच्या शिष्यांनीं तिची नृत्यपद्धति पुढें चालविली.

विद्यार्थ्यांनीं या चरित्रावरून वर्ग सोडण्याची सबब काढूं नये. शिक्षकाला कारण विचारावें, पण आपण निवडलेल्या वाटेचा हिशेबही द्यावा. पालकांसही आमची विनंति आहे कीं, एखाद्या विद्येंत मुलाचें मन लागेनासें झालें, तर तो आळशी आहे असें ठरविण्यापूर्वीं, तो दुसरें कांहीं शोधीत तर नाहीं ना, हें पाहावें. डंकनच्या आईनें दारिद्र्यांतही मुलीसाठीं पियानो वाजविणें सोडलें नाहीं.