लाकडात रंग शोधणारा सुतार : ज्युसेप्पे माज्जोलिनी

आपल्याकडे बारा बलुतेदारांत सुतार असे. पण त्याने घडविलेल्या तिफणीवर किंवा चौकटीवर त्याचे नाव नसे. इटलीतील एका सुताराचे नाव मात्र लाकूडकामाच्या एका शैलीलाच मिळाले. ते म्हणजे ज्युसेप्पे माज्जोलिनी.

मिलानजवळच्या पाराबियागो गावी १३ नोव्हेंबर १७३८ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील तेथील मठाच्या जंगलाचे राखणदार होते. मठातच ज्युसेप्पे सुतारकाम शिकले व पुढे त्यांनी गावात स्वतःचे दुकान थाटले.

योगायोग असा की, १७३८ सालीच ज्वालामुखीने गाडलेल्या हर्क्युलेनियम या रोमन नगराचे उत्खनन सुरू झाले. १७४८ मध्ये पाँपेईचे. तेथील अवशेष पाहून युरोपची अभिरुची पालटली. खुर्चीचे वळणदार पाय जाऊन सरळ, खाली निमुळते, उभ्या खाचांचे पाय आले. पाठ चौकोनी वा लंबगोल झाली. नक्षी आटोपशीर झाली. हीच नवअभिजात शैली होय.

माज्जोलिनींचे कसब चित्रकार लेवाती यांनी हेरले आणि लित्ता या सरदारांच्या वाड्याचे काम त्यांना मिळाले. १७७१ मध्ये ऑस्ट्रियाचा राजपुत्र फर्दिनांद याचा विवाह मिलानला झाला, तेव्हापासून दरबाराची कामेही येऊ लागली. मेजांवर व कपाटांवर ते लाकडाचीच चित्रे जडवीत. लाकडाचे पातळ पापुद्रे आराखड्याप्रमाणे कापून, एकमेकांत बसवून ते सरसाने चिकटवीत. रंग शक्यतो देत नसत. हव्या त्या रंगाचे लाकूडच शोधीत. अशी ८६ जातींची लाकडे त्यांनी वापरली, असे सांगतात. एवढी कीर्ती झाली, तरी त्यांनी गावातले दुकान हलविले नाही.

१७९६ मध्ये नेपोलियनच्या फौजा मिलानमध्ये शिरल्या. राजपुत्र परागंदा झाला आणि माज्जोलिनींचा मोठा आधार तुटला. १६ नोव्हेंबर १८१४ रोजी पाराबियागो येथेच त्यांचे निधन झाले. मुलगा कार्लो फ्रान्चेस्को याने काम पुढे चालविले.

राजाश्रय गेला, राज्येही गेली. परंतु माज्जोलिनींच्या दुकानातील आराखडे मिलानच्या स्फोर्झा किल्ल्यातील संग्रहात आजही जपलेले आहेत आणि तशा जडावाच्या कपाटाला इटलीत माज्जोलिनी असेच म्हणतात. आपल्या भागातील जुन्या वाड्यांचे कोरीव खांब घडविणारे हातही कमी कसबी नव्हते. त्यांचे आराखडे मात्र कोणी जपले नाहीत. वाडे पडत आहेत. निदान जे कारागीर आज आपल्यात आहेत, त्यांची नावे तरी आपण लिहून ठेवली पाहिजेत.