एडवर्ड हॅमिल्टन एट्किन ऊर्फ ‘ईहा’

आपल्या वटारच्या एखाद्या वाडींत सकाळीं पाटाच्या ओल्या चिखलावर पावलें उमटलेलीं दिसलीं, तर रात्रीं तेथें कोण येऊन गेलें हें सांगतां येईल काय ? मांजराच्या ठशांत चार बोटें दिसतात, नखें दिसत नाहींत. कोल्ह्याच्या ठशांत चार बोटांपुढें नखांचे ठिपके असतात. पांच बोटें उमटलीं असून जवळच्या भिंतीवर फळांच्या बियांनीं भरलेली विष्ठा आढळली, तर तो पाहुणा बहुधा उदमांजर होय. अमेरिकेंत रॅकून नांवाचा प्राणी हेंच रात्रीचें चौर्यकर्म करितो व तान्ह्या मुलाच्या हातासारखे ठसे मागें ठेवितो. तो आपल्या रानांत नाहीं. घराभोंवतालच्या अशा क्षुद्र मानलेल्या जीवांकडे पाहण्याची गोडी ज्यांनीं मुंबई इलाख्यांतील इंग्रजी वाचकांस लाविली, त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

एट्किन यांचा जन्म १६ ऑगस्ट १८५१ रोजीं सातारा येथें झाला. वडील स्कॉटलंडहून आलेले मिशनरी होते व मुलास आरंभीं त्यांनींच शिकविलें. पुढें मुंबई व पुणें येथें अभ्यास करून एट्किन यांनीं मुंबई विद्यापीठाची पदवी संपादन केली, आणि १८७० पासून १८७६ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत लॅटिनचें काम केलें. एप्रिल १८७६ मध्यें ते जकात व मीठ खात्यांत शिरले.

लॅटिनचा पंडित मिठागरांवर देखरेख करूं लागला, हें वाचून कोणास हळहळ वाटेल. खारघोडा, उरण, रत्नागिरी, कारवारचा मुलूख, गोव्याची सरहद्द अशा त्यांच्या बदल्या होत गेल्या. मिठागरांवरचें रखरखीत ऊन आपणां वसईकरांस ठाऊक आहेच. तेथें सोबत कोणाची ? भिंतीवरची पाल, छपरांतले उंदीर, मुंग्या, कावळे, पावसाळ्यांतले बेडूक. या शेजाऱ्यांवर त्यांनीं ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ हें विनोदी पुस्तक १८८३ मध्यें प्रसिद्ध केलें. सही केवळ ई, एच्, ए या तीन आद्याक्षरांची. आपण तीं ‘ईहा’ अशीं वाचलीं, तर संस्कृतांत त्याचा अर्थ इच्छा असा होतो. हा निव्वळ योगायोग, तरी मोठा गोड आहे.

त्याच वर्षीं १५ सप्टेंबर रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट म्युझियममध्यें, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयांत, आठ गृहस्थ जमले व बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. त्या आठांत एट्किन होते, तसेच डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोघे विद्वानही होते. कारवारकडे असतां एट्किन यांनीं डेव्हिडसन व बेल या दोघांसमवेत तेथील फुलपांखरांचा अभ्यास केला. सुरवंट शोधूं जातां सहसा सांपडत नाहीं. तो पानाच्या रंगांत मिसळून बसतो. परंतु कुरतडलेली कड व खालीं पडलेली काळी लेंडी त्याचा पत्ता देतात. तिघांचा हा अभ्यास १८९६–९७ मध्यें सोसायटीच्या नियतकालिकांत छापला गेला.

त्यांच्या या नजरेची खरी कसोटी १९०२ मध्यें लागली. गोव्याच्या सरहद्दीवरील नाक्यांवर मीठखात्याचे शिपाई हिवतापानें हैराण झाले होते. हा ताप अॅनॉफिलिस जातीच्या डांसांमुळें पसरतो, हें तोंपर्यंत सिद्ध झालें होतें. तेव्हां त्या नाक्यांची पाहणी करून शिपायांस डांसांपासून दूर नेण्याचा उपाय सुचविण्याचें काम एट्किन यांजकडे आलें. येथेंही खुणाच ओळखावयाच्या होत्या. अॅनॉफिलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाशीं आडवी पडून राहते, तर घरांतील नेहमींच्या क्यूलेक्स डांसाची अळी डोकें खालीं करून तिरपी लोंबते. बसलेला अॅनॉफिलिस शेपटाकडील भाग वर उचलून धरितो. ज्यास हें दिसलें, त्यास कोणतें डबकें घातक तें कळलें.

या फेरींत त्यांस अॅनॉफिलिसची एक नवीनच जात आढळली. मेजर जेम्स यांनीं ती तपासली व तिला एट्किन यांचें नांव मिळालें. ही जात रानांतल्या सावलीच्या झऱ्यांत वाढते, आणि हिवताप पसरविण्याचा दोष तिजवर येत नाहीं, हें पुढें कळून आलें.

मे १९०३ मध्यें ते कराचीस जकातीचे मुख्य अधिकारी झाले. शेवटीं सिंध प्रांताचें गॅझेटिअर लिहून १९०६ मध्यें निवृत्त झाले व एडिंबरो येथें जाऊन राहिले. तेथेंच ११ एप्रिल १९०९ रोजीं त्यांचें देहावसान झालें. सह्याद्रीच्या रानांत तो निरपराध डांस अजून त्यांचेंच नांव मिरवीत आहे.